मदत हवी आहे : रोजची कौटुंबिक प्रार्थना तीनदा सुरू केली, तीनदा बंद पडली

पहाटतारा :
जय ख्रिस्त सगळ्यांना. जरा लवकर सांगा, येत्या सोमवारपासून परत सुरू करायचंय आणि आता चौथ्यांदा मोडलं तर माझीच हिंमत राहणार नाही. मी मूळचा नगरकडचा. लहानपणी आमच्याकडे दिवेलागणीला सगळे चटईवर बसायचे, एक गीत, वाचन, प्रार्थना आणि मगच ताटं, घरात कुणी आजारी असलं तर ते खाटेवरून आमेन म्हणायचं. तेच माझ्या घरात व्हावं ही फार इच्छा आहे. पण मुलं दहा मिनिटंसुद्धा बसत नाहीत. एक लोळतो, दुसरी पाणी मागते, काल मोठा रडायला लागला, मी ओरडलो आणि मग मलाच प्रार्थना करवेना. मुलं शांत बसावीत म्हणून काय करता तुम्ही? चॉकलेटचं आमिष नको, ते करून झालंय.

जास्वंदी :
मुलं किती वर्षांची ते लिहा की आधी. बारा वर्षांच्याचं लोळणं वेगळं आणि दोन वर्षांच्याचं लोळणं वेगळं. वेळ कोणती? जेवणाआधी की नंतर?

शब्दसेवक :
मुलांना शिस्त लागत नाही कारण आईबाप मोबाईल सोडत नाहीत. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे, ही वचनं मुलांच्या मनावर बिंबवा. आणि नीतिसूत्रे छडीबद्दल काय म्हणतात तेही वाचा. आमच्या वडिलांनी एकदाच डोळे वटारले होते, परत कधी हललो नाही.

जास्वंदी :
@शब्दसेवक अनुवाद ६ पूर्ण वाचा ना मग. घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना बोला असंय तिथे. मांडी घालून गप्प बसवा असं कुठेय? आणि इफिस ६:४ पण आहे, बापांनो तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका. मी अठरा वर्षं शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गात, शिकवतेय, भीतीनं बसलेलं पोर मोठं झालं की मंडळीत दिसत नाही, हे डोळ्यांनी बघितलंय.

पहाटतारा :
मोठा साडेपाच, धाकटी अडीच. वेळ आठची, जेवणाआधी. मोबाईल बाजूलाच असतो हो, तो प्रश्न नाहीये.

वसईची_लेक :
अडीच वर्षांची आठ वाजता उपाशीपोटी?? आधी जेवायला घाला. आम्ही कॅथलिक, माहेरी रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, पण आईनं आम्हाला पूर्ण पाच रहस्यं, म्हणजे पाचही दशकं होईपर्यंत कधी बसवलं नाही. लहान असताना एकच दशक, म्हणजे एक आमच्या बापा आणि दहा नमो मरिया, तेही एकेक मणी एकेका भावंडाच्या हातात. आपला मणी कधी येतो म्हणून आम्ही टपून बसायचो. मोठे झालो तसं वाढत गेलं. ऑक्टोबर महिना तर आमच्यासाठी सणच, वाडीत रोज वेगळ्या घरी रोझरी.

शब्दसेवक :
विचारणारे प्रॉटेस्टंट दिसतात, त्यांना माळेचं काय सांगताय.

वसईची_लेक :
माळ घ्या म्हणाले का मी? लेकराच्या हातात काहीतरी काम द्या म्हणतेय.

रानवारा :
थोडं अवांतर, पण भाचीच्या बाप्तिस्म्याला बायबल द्यायचंय, जुन्या भाषांतराचं द्यावं की सोप्या मराठीचं? मोठ्या अक्षरांत कुठे मिळेल?

तबल्याची_थाप :
गीतानं सुरुवात करा, वाचनानं नाही. आमच्याकडे टाळ, चिपळ्या आणि एक जुनी ढोलकी आहे, मुलं वाजवतात, बेताल वाजवतात, वाजवू दे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-ओव्यांच्या चालीत गीतं दिली ती आपल्या माणसांच्या तोंडी बसावीत म्हणून. उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं एकच गीत महिनाभर धरा. वाचता न येणाऱ्या पोराला आठ दिवसांत धृपद येतं, आणि धृपद आलं की तो स्वतःच बोलवायला येतो, चला गाऊ म्हणून.

जास्वंदी :
@पहाटतारा वाचता काय पण? आणि कोण वाचतं? हे सांगितलंच नाही तुम्ही.

पहाटतारा :
वाचन अण्णा करतात, माझे वडील. आमच्याकडेच असतात, निवृत्त शिक्षक, मंडळीत म्हणजे चर्चमध्ये एल्डर म्हणून वीस वर्षं सेवा केलीय. उत्पत्तीपासून क्रमानं रोज एक अध्याय. सध्या लेवीय, म्हणजे याजकांच्या नियमांचं पुस्तक. मग अण्णांची प्रार्थना, ती जरा मोठी असते, सगळ्या नातेवाइकांची नावं घेऊन, साधारण पंधरा मिनिटं. काल तेरावा अध्याय होता, तेव्हाच मोठा रडला.

जास्वंदी :
लेवीय १३ म्हणजे एकोणसाठ वचनं! कातडीवरचा डाग, याजकाने तपासावं, सात दिवस वेगळं ठेवावं. साडेपाच वर्षांचं मूल, उपाशी. दादा, तुमची मुलं अगदी ठीक आहेत.

शब्दसेवक :
सगळं शास्त्र ईश्वरप्रेरित आहे. लेवीय नको म्हणणं बरोबर नाही.

मळ्यातली_काकू :
कुणी नको म्हणत नाहीये हो, आत्ता नको म्हणतायत. दूध आधी, भाकरी नंतर, हेही शास्त्रातच आहे ना. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला अख्खं बायबल भाषांतरित केलं ते कशासाठी, तर साध्या खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ ला पुस्तक पूर्ण छापून निघालं. मग ऐकणाऱ्याला कळतंय का हे आपण बघायला नको? मार्काच्या शुभवर्तमानापासून धरा, सोळाच अध्याय आहेत, एका दिवशी एकच गोष्ट. दमलेल्या दिवशी स्तोत्र ११७, दोनच वचनं. डिसेंबर लागला की लूक, चोवीस अध्याय, एक तारखेपासून रोज एक, नाताळच्या आदल्या दिवशी संपतो. हे लूकचं मुलं मोठी झाली की करा, आत्ता नाही.

पहाटतारा :
हे सगळं पटतंय पण अण्णांना कसं सांगू? त्यांनी बायबल आजवर चार वेळा क्रमानं पूर्ण केलंय. तुमचं वाचन नको असं मी म्हणूच शकत नाही. बायको नर्स आहे, आठवड्यात दोन-तीन रात्रपाळ्या, ती म्हणते तू बोल, तुझे वडील आहेत.

वसईची_लेक :
नको म्हणू नका. त्यांचा अध्याय सकाळचा ठेवा, तुम्ही दोघं चहाबरोबर बसा. संध्याकाळी म्हणा, अण्णा, वाचून नको, तुम्ही तोंडानं सांगा. शिक्षक माणूस आहे, चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलाय त्यांनी.

मळ्यातली_काकू :
आणि नातेवाइकांची नावं मुलांना घेऊ द्या. एकानं आत्या, एकीनं मामा. देवा आत्याला बरं कर, आमेन. एवढी प्रार्थना पुरते त्या वयाला. अण्णांची मोठी प्रार्थना मुलं निजल्यावर चालू दे, ती घराला हवीच आहे.

रानवारा :
माझ्या बायबलचं कुणी सांगेल का?

मळ्यातली_काकू :
@रानवारा तान्ह्या लेकराला जुनंच द्या, मोठेपणी वाचेल. बायबल सोसायटीच्या दुकानात मोठ्या अक्षराचं विचारा.

पहाटतारा :
चार दिवस झाले, सांगायला आलो. रविवारी अण्णांशी बोललो, मला रात्रभर झोप नव्हती. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, मला वाटलं तुम्हाला असंच हवंय. सोमवारी साडेसातला जेवणं उरकली. गीत झालं, धाकटीनं ताटली बडवली. अण्णांनी चष्मा काढून ठेवला आणि तलावातलं वादळ सांगितलं, मार्क ४. येशू होडीत उशी घेऊन झोपला होता म्हटल्यावर मोठ्यानं विचारलं, त्याला उशी कुणी दिली? अण्णा म्हणाले, पन्नास वर्षं वाचतोय, हे कधी मनात आलं नाही. मंगळवारी मोठा स्वतःची उशी घेऊन चटईवर आला.

काल मात्र झालंच नाही, बायकोची रात्रपाळी, मला यायला नऊ वाजले, अण्णांचे गुडघे दुखत होते. अशा दिवशी तुम्ही काय करता? फोनवर तिला जोडून घेतलं तर चालेल का, की मुलं फोनशीच खेळत बसतील?

तबल्याची_थाप :
फोन मुलांच्या हातात नको, उभा करून ठेवा. तिनं फक्त गीत म्हणायचं. कोणतं गीत धरलंय?