ताकदवान कूपे की छोटी हॅचबॅक: चालवायची मजा नक्की कशात?

क्लचपेडल (धागाकर्ता)
मित्राची लेक्सस एलसी ५०० ही कूपे (दोन दारांची, उतरत्या छताची गाडी) दोन दिवस माझ्याकडे होती. ५ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, टर्बो नाही, ४७० च्या आसपास अश्वशक्ती. तिसऱ्या दिवशी माझ्या १२०० सीसीच्या हॅचबॅकमध्ये बसलो आणि मनापासून सांगतो, मला माझीच गाडी जास्त आवडली. एलसीत पेडल पूर्ण दाबलं की चार-पाच सेकंदांत वेग शंभरावर जातो आणि पाय काढावाच लागतो. हॅचबॅकमध्ये दुसऱ्या गिअरला इंजिनाचा काटा मिनिटाला ६००० फेऱ्यांपर्यंत नेता येतो, वळणाआधी गिअर खाली घेता येतो, आणि तरी वेग मर्यादेतच असतो. सपाट रस्त्यावर शंभराचा वेग टिकवायला छोट्या गाडीला साधारण १५ ते २० अश्वशक्ती पुरतात. मग उरलेल्या साडेचारशेचं करायचं काय?

लांबपल्ला
साफ असहमत. ताकद सतत वापरण्यासाठी नसते, हाताशी असण्यासाठी असते. दोन्हीकडून वाहनं येणाऱ्या दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना ८० वरून १२० वर जायला तुमच्या गाडीला दहा-बारा सेकंद लागतात. शंभराच्या वेगात प्रत्येक सेकंदाला गाडी जवळपास २८ मीटर पुढे जाते. म्हणजे तुम्ही पाव किलोमीटरहून जास्त अंतर समोरच्याच्या लेनमध्ये असता. हेच काम कूपे तीन-चार सेकंदांत उरकते. शिवाय एलसीला दहा गिअर आहेत. शंभरावर इंजिन दीड हजार फेऱ्यांच्याही खाली शांत फिरत असतं, तुमचं अडीच हजारांवर ओरडत असतं. सहा तास चालवून उतरल्यावर कळतं, हा फरक कशाचा आहे ते.

मागची सीट
मागे बसणाऱ्यांचं कोणी विचारत नाही म्हणून लिहितोय. कूपेच्या मागच्या सीटवर मोठ्या माणसाचं डोकं छताला टेकतं. दरवाजा इतका लांब की अरुंद पार्किंगमध्ये तो वीतभर उघडतो आणि अंग चोरून बाहेर यावं लागतं. दार लांब म्हणून पुढच्या सीटचा बेल्टही खांद्यामागे लांब जातो. काही गाड्यांत तो पुढे आणून द्यायला वेगळा मोटरचा हात बसवावा लागतो! माझ्या हॅचबॅकची मागची सीट आडवी केली की वॉशिंग मशीन आत जातं.

क्लचपेडल
ओव्हरटेकचा मुद्दा मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण हलकेपणाला कमी लेखू नका. १९५९ ची मिनी बघा. ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याखाली घेतला, चाकं १० इंची ठेवली, आणि जेमतेम १० फुटांत चार माणसं बसवली. त्याच मिनीने मॉन्टे कार्लो रॅली जिंकली.

लांबपल्ला
जिंकली, पण कशी तेही सांगा. ती साधी मिनी नव्हती, तिची जास्त ताकदीची आवृत्ती कूपर एस होती. आणि १९६४ ला गुणांकन छोट्या इंजिनांना झुकतं माप देणारं होतं. व्ही-८ ची फोर्ड फाल्कन वेगाच्या टप्प्यांत पुढे असूनही दुसरी आली.

घाटवळण
१९६५ ला परत जिंकली ना! तेही बर्फाच्या वादळात. इंजिनाचं वजन ते ज्यांना फिरवतं त्याच पुढच्या चाकांवर पडत असल्याने पकड मिळत होती. कूपेचं वजन जवळपास दोन टन. त्याच वेगातून थांबताना ब्रेकना छोट्या गाडीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा उष्णतेत घालवावी लागते. लांब उतारावर हे जाणवतंच.

लांबपल्ला
ऊर्जा दुप्पट, पण डिस्कही तेवढ्याच मोठ्या आणि टायर कितीतरी रुंद. थांबायचं अंतर शेवटी टायरच्या पकडीवर ठरतं, निव्वळ वजनावर नाही. चांगली कूपे शंभरावरून बहुतेक हॅचबॅकच्या आधी थांबते. आणि त्या व्ही-८ चा आवाज? ७००० फेऱ्यांकडे जाताना तो जसा चढत जातो, तो ऐकायला मी रोज थोडं लांबून घरी येईन.

क्लचपेडल
आवाजाबद्दल काहीच म्हणणं नाही, परत देताना त्याचंच वाईट वाटलं. तरीही ओल्या रस्त्यावर पुढचं चाक सुटायला लागलं की माझ्या गाडीचं स्टिअरिंग हातात हलकं पडतं, आणि मी पाय ढिला करतो. एलसीत हे कळेपर्यंत इलेक्ट्रॉनिक्सने सगळं आवरलेलं असायचं. मला ते आधी हातात कळायला हवं आहे.

मागची सीट
अहो, पण बेल्टचं कोणीच काही बोललं नाही.