'एस अटर्नी' हा गेमच नाही म्हणे!

पुराव्यानिशी
'एस अटर्नी' या व्हिडिओ गेममध्ये आपण बचावाचे वकील असतो आणि साक्षीदाराचं खोटं पुरावा दाखवून पकडायचं असतं. काल इथे कुणीतरी लिहिलं, "एस अटर्नी म्हणजे बटण दाबत वाचायची कादंबरी. विनोद पोरकट, पोपटाचीसुद्धा उलटतपासणी घेतात, आणि खेळणाऱ्याला काम काहीच नाही." डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

पहिलाच खटला घ्या. खुनी कोण ते सुरुवातीलाच दाखवतात. साक्षीदार म्हणतो, प्रेत पाहिलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. शवविच्छेदनाचा अहवाल सांगतो, मृत्यू चार ते पाचच्या दरम्यान. टीव्हीवर वेळ ऐकली म्हणतो, तर इमारतीत तेव्हा वीज नव्हती. मग म्हणतो घड्याळ होतं. घड्याळ असतंच, पण पुतळ्याच्या आत! मान वाकवली की वेळ बोलून दाखवतं. तो पुतळा ज्याने डोक्यात घातला, त्यालाच ते ऐकू येणार. पण मग घड्याळ तीन तास मागे कसं? इथे आपण पुराव्यांतला, खून झालेल्या मुलीचा पासपोर्ट दाखवायचा. ती आदल्याच दिवशी पॅरिसहून आलेली आणि घड्याळ तिथल्याच वेळेवर राहिलेलं. खटला चाललाय त्या लॉस एंजेलिसला दुपारचे चार, तेव्हा पॅरिसला रात्रीचा एक. हा हिशेब खेळणाऱ्याने स्वतःच्या डोक्यात जुळवायचा असतो. याला 'काम काहीच नाही' म्हणता?

रोखठोक
ते मीच लिहिलं होतं. तुम्ही उदाहरण दिलंत ते शिकवणीच्या खटल्याचं, तिथे गेम बोट धरून चालवतो. पुढचं बोला. साक्षीदार कुठे खोटं बोलतोय ते मला अर्ध्या तासापूर्वी कळलेलं असतं, पुरावाही हातात असतो. पण गेमला तो ठरावीक वाक्यावरच हवा. एक वाक्य आधी दाखवला की दंड. दोन पुरावे तीच गोष्ट सिद्ध करत असतील तरी लेखकाच्या मनात होता तोच चालतो. म्हणजे मी खून उलगडत नाही, लेखकाच्या मनातलं ओळखत बसतो. बरं, दंडाला तरी धार असावी! कुठेही सेव्ह करता येतं. चुकलं की मागे जा, दुसरा पुरावा लावून बघा. दुसऱ्या भागातला सर्कसचा खटला मी शेवटी असाच संपवला. त्यात आनंद शून्य.

काळा_कोट
चौदा वर्षं वकिली करतोय. उलटतपासणीत आम्हाला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की ज्याचं उत्तर ठाऊक नाही तो प्रश्न विचारू नये. इथे तर गेमचा नायक, वकील फीनिक्स राइट, दर वाक्याला 'थांबा!' ओरडून साक्षीदाराला आणखी बोलतं करतो. खऱ्या कोर्टात अशाने अशील आत जाईल. शिवाय खटला तीन दिवसांत उरकायचा, आणि अशील निर्दोष एवढ्यावर भागत नाही, खरा खुनीही बचाव पक्षानेच हुडकून द्यायचा. सिद्ध करायची जबाबदारी सरकारी पक्षाची असते हो! हा गेम खेळलेला भाचा मला विचारतो, "मामा, तू टेबलावर हात का आपटत नाहीस?" काय सांगू त्याला?

एक मात्र मान्य करावं लागेल. खोटं बोलणारा माणूस गरजेपेक्षा एक तपशील जास्त सांगतो आणि तिथेच अडकतो. हे त्यांनी बरोबर पकडलंय.

पुराव्यानिशी
काळा_कोट, गेम जपानचा आहे हे विसरू नका. 'ग्याकुतेन साइबान' या नावाने ऑक्टोबर 2001 मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला. तिथे खटला उभा राहिला की 99 टक्क्यांहून जास्त वेळा शिक्षा होते. सामान्य नागरिक न्यायाधीशांसोबत बसायला लागले ते थेट मे 2009 पासून. अशा देशात 'आरोपी दोषीच' असं धरून चालणारं कोर्ट दाखवणं हा अडाणीपणा नाही, टीका आहे. मला तरी ती स्पष्ट दिसते.

शब्दवेल्हाळ
टीका दिसेल कशी? इंग्रजीत उचलून लॉस एंजेलिसला नेऊन ठेवलीत ना! माझा खरा राग तिथे आहे. फीनिक्सची मदतनीस माया मूळ जपानीत रामेनसाठी, म्हणजे रश्शातल्या नूडल्ससाठी, जीव टाकते, इंग्रजीत ती बर्गर खाते. भूतात्मे अंगात बोलावणाऱ्या बायकांचं अख्खं गाव, जपानी घरं, जपानी पोशाख, आणि म्हणे हे कॅलिफोर्निया. चाहत्यांनीच त्याला 'जॅपनिफोर्निया' नाव ठेवलंय. पाचव्या भागात योकाईंचं, म्हणजे जपानी भुताखेतांचं, गाव आलं तेव्हा तर ठिगळं उघडी पडली. वाचक परका आहे म्हणून त्याला अडाणी का समजायचं?

अर्धविराम
मी पोटापाण्यासाठी भाषांतर करते, म्हणून बोलते. मूळ नायकाचं आडनाव नारुहोदो, म्हणजे 'अस्सं होय!' हे नाव तसंच ठेवलं असतं तर जपानी न येणाऱ्याला त्यात हसण्यासारखं काय मिळालं असतं? नावांतले विनोद नव्याने रचले म्हणून तर जगभर लोक हसले. ठिगळं दाखवणं सोपं असतं. एक पान करून बघा.

शब्दवेल्हाळ
'करून बघा' हा युक्तिवाद नाही, तोंड बंद करायची युक्ती आहे. याच मालिकेतला 'द ग्रेट एस अटर्नी' 2021 मध्ये इंग्रजीत आला, त्यात र्‍यूनोसुके नारुहोदो हे नाव जसंच्या तसं आहे, मेइजी काळातला, म्हणजे 1900च्या आसपासचा, जपानही आहे. कुणाचं काही अडलं?

अर्धविराम
नाही अडलं. पण पंधरा-सोळा वर्षांत वाचक तयार झाला, आणि तो तयार केला त्या बर्गरवाल्या भाषांतरानेच. तुम्हाला हे पटणार नाही, राहू द्या.

सावली
तुमचं बर्गर-रामेन चालू द्या, मला पोपटाबद्दल बोलायचंय. पोरकट म्हणालात ते लागलं. पहिल्या भागातला चौथा खटला मी आणि ताईने आईला शेजारी बसवून खेळला. आईला इंग्रजी येत नाही. ताई प्रत्येक पात्राचा आवाज काढून वाचायची, मी मराठीत सांगायचे. साक्षीदार हातचे गेले, उरला फक्त पोपट, तोही आपल्याला काही आठवत नाही म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्याचा. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पोपट तिजोरीचा आकडा बोलला, 1228. महिना आधी लिहायची पद्धत आम्ही तिला समजावून सांगितली. 28 डिसेंबर म्हटल्यावर ती गप्पच झाली. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या लिफ्टमधल्या खुनाची तारीख! थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे हा म्हातारा काही विसरलेला नाही." गेममध्ये ते सिद्ध व्हायला अजून बराच वेळ होता. इतकं हसवल्यावर इतकं गप्प करणं पोरकट माणसाला जमेल?

रोखठोक
पोपटाबद्दलचं मागे घेतो. पण तुमच्या आईने जे ओळखलं ते तिथल्या तिथे मांडायची सोय गेममध्ये नव्हतीच, हेही लिहा. त्यांना थांबावं लागलं. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

सावली
थांबावं लागलं, खरंय. आई चिडलीही होती. "याला कळत कसं नाही," म्हणून फीनिक्सला बोल लावत होती.

पुराव्यानिशी
एका वाक्यासाठी एकच पुरावा, हा दोष आहे. सर्कसच्या खटल्याची बाजू तर मीही घेणार नाही. पण रोखठोक, तुम्ही तिसरा भाग खेळलात का?

रोखठोक
नाही. सर्कसनंतर सोडला.