नेदरलँड्स आणि तैवान: मान्यता नाही, तरी एवढा व्यापार कशाच्या आधारावर चालतो?

प्रश्न – तागडी

नमस्कार. मी पदव्युत्तर वर्गाला आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवते. द्विपक्षीय व्यापाराचे उदाहरण म्हणून या सत्रात नेदरलँड्स आणि तैवान ही जोडी घेतली आहे. पहिल्याच तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, की नेदरलँड्स तैवानला देश म्हणून मान्यताच देत नाही, तर माल अडला किंवा एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागला तर दाद कोणाकडे मागायची? मला अर्धवटच उत्तर देता आले. दुसरी अडचण आकड्यांची. तैवानने नोंदवलेली निर्यात आणि युरोपच्या बाजूने नोंदवलेली आयात यांचा मेळ बसत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ – वखार

ताई, नेदरलँड्सला स्वतंत्र व्यापार करार करण्याचा अधिकारच नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आधी सांगावी. व्यापार धोरण हा युरोपीय संघाचा सामाईक विषय असल्यामुळे आयात शुल्क ब्रुसेल्समध्ये ठरते आणि सर्व सदस्य देशांना तेच लागू होते. तैवान १ जानेवारी २००२ पासून जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य आहे, पण देश म्हणून नव्हे, तर 'तैवान, पेंगहू, किनमेन आणि मात्सू यांचा स्वतंत्र सीमाशुल्क प्रदेश' म्हणून. त्या संघटनेच्या सदस्यत्वाला सार्वभौमत्वाची अट नाही; स्वतःचे सीमाशुल्क स्वतः ठरवता आले की पुरते. शुल्काबाबत तक्रार असेल तर तिचा रस्ता तिथून जातो. बाकीची कामे तैपेई आणि हेग येथील प्रतिनिधी कार्यालये पाहतात, आणि दुहेरी कर टाळण्याचा २००१ चा करारही सरकारांच्या नावे न होता अशा कार्यालयांच्या नावेच झाला.

मात्र ही व्यवस्था निर्धोक आहे असे समजू नये. डच सरकारने तैवानला दोन पाणबुड्या विकण्यास परवानगी दिली, तेव्हा चीनने १९८१ मध्ये नेदरलँड्सशी असलेल्या संबंधांचा दर्जा राजदूतावरून प्रभारी अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. नवी शस्त्रास्त्रे देणार नाही असे डचांनी कबूल केल्यावर १९८४ मध्ये तो पूर्ववत झाला. ठरलेल्या दोन पाणबुड्या पुढे तैवानला मिळाल्या, पण आणखी मिळाल्या नाहीत.

(या संबंधाला जुना इतिहासही आहे. १६२४ ते १६६२ या काळात डच ईस्ट इंडिया कंपनीचे ठाणे आजच्या ताइनानजवळ होते आणि तिथून हरणांची कातडी जपानला जात असत. वेंगुर्ल्याला जिच्या वखारीचे अवशेष आहेत, तीच ही कंपनी.)

प्रतिसाद २ – कोरडवाहू

आकड्यांबद्दल लिहितो. निर्यात करणारा मालाची किंमत बंदरात जहाजावर चढवेपर्यंतची धरतो, तर आयात करणारा तीत भाडे आणि विमा मिळवतो. त्यामुळे दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही थोडा फरक पडतोच. मोठा घोटाळा होतो तो नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरामुळे. तैवानहून आलेला कंटेनर तिथे उतरतो, तिथेच सीमाशुल्काचे सोपस्कार होतात आणि माल ट्रकने किंवा नदीतल्या बार्जने जर्मनीत जातो. युरोस्टॅट, म्हणजे युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय, तो माल नेदरलँड्सची आयात म्हणून मोजते. डच सांख्यिकी कार्यालय मात्र, मालकी डच व्यक्तीकडे किंवा कंपनीकडे आली नसेल तर, तो राष्ट्रीय व्यापारातून वेगळा काढते. तेव्हा तक्ता कोणाचा आहे हे पाहिल्याशिवाय व्यापारी तूट किंवा शिल्लक यावर एक वाक्यही लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गुंतवणुकीच्या आकड्यांनाही हीच सावधगिरी लागते. तैवानमधील युरोपीय गुंतवणुकीत नेदरलँड्सचा वाटा सर्वांत मोठा दिसतो, पण इतर देशांच्या कंपन्याही करसवलतींसाठी डच उपकंपन्यांमार्फत पैसा फिरवतात.

प्रतिसाद ३ – आइंडहोव्हनहून

मी मूळचा सांगलीचा. आइंडहोव्हनजवळ यंत्रांचे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत काम करतो. वरचे दोन्ही प्रतिसाद बरोबर आहेत, पण या व्यापाराचा कणा दोन कंपन्यांच्या नात्यात आहे असे मला मनापासून वाटते.

संगणकाच्या चिप बनवण्याची यंत्रे तयार करणारी डच कंपनी एएसएमएल १९८४ मध्ये फिलिप्स या डच कंपनीच्या भागीदारीतून जन्मली. इतरांसाठी चिप बनवून देणारी टीएसएमसी मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये तैवानमधल्या सिंचू येथे उभी केली, तेव्हा फिलिप्सने तिच्यातही २७.५ टक्के भांडवल आणि तंत्रज्ञान घातले. एकाच घराण्याशी नाते असल्यामुळे टीएसएमसी सुरुवातीपासून एएसएमएलची गिऱ्हाईक झाली. पुढे टीएसएमसीच्या कारखान्याला आग लागली, आणि विम्याच्या पैशांतून आणखी यंत्रे मागवली गेली ती याच डच कंपनीकडून; तेव्हा एएसएमएल स्वतः पैशांच्या ओढाताणीत होती. २०१२ मध्ये टीएसएमसीने ८३.८ कोटी युरो देऊन एएसएमएलचे ५ टक्के समभाग घेतले. फिलिप्सने दोन्हींतून केव्हाच अंग काढून घेतले आहे, पण तिच्यातूनच वेगळी झालेली एनएक्सपी ही चिप कंपनी आता जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या कारखान्यात टीएसएमसीची १० टक्क्यांची भागीदार आहे.

अतिनील किरणांच्या पुढच्या टप्प्यावर, म्हणजे १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर चालणारे, चिपवर नक्षी छापण्याचे यंत्र एएसएमएलशिवाय जगात कोणीच बनवत नाही. त्यात वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला सुमारे ५०,००० या वेगाने सुटतात आणि लेझर प्रत्येक थेंब टिपतो, त्यातून तो प्रकाश निघतो. आरसे जर्मनीतल्या झाइस कंपनीचे असतात. यंत्र सुटे करून मालवाहू विमानांनी पाठवतात. नाजूक भागांच्या पेट्यांवर एक छोटी पट्टी लावलेली असते आणि वाटेत धक्का बसला की तिचा रंग बदलतो. आमच्या गोदामातून पेटी निघताना आम्ही त्या पट्टीचा फोटो काढतो आणि समोरचा माणूस पेटी उतरवल्यावर पुन्हा काढतो. दाद कोणाकडे मागायची, हा तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आमच्याकडे बहुतेक वेळा त्या दोन फोटोंवर, विक्रीच्या करारावर आणि विम्यावर मिटतो.

तागडी

तिघांचेही मनापासून आभार. पेटीवरची पट्टी वर्गात नक्की सांगेन. एक शंका उरते. यंत्र एकदा पोहोचले की पुढची काही वर्षे त्या व्यवहाराची नोंद कुठेच होत नाही का?

आइंडहोव्हनहून

होते, पण वेगळ्या वहीत. ही यंत्रे रात्रंदिवस चालतात, त्यामुळे एएसएमएलचे हजारो कर्मचारी तैवानमध्येच राहतात. बदलायचा भाग इथून गेला तर तो मालाच्या व्यापारात धरतात. इथला अभियंता दुरुस्तीला गेला आणि बिल इथून लागले, तर ती सेवांची निर्यात. पण तेच काम कंपनीच्या तैवानी शाखेने तिथल्या कर्मचाऱ्याकडून करून घेतले, तर तो तैवानचा अंतर्गत व्यवहार ठरतो आणि द्विपक्षीय व्यापाराच्या तक्त्यात येत नाही. यंत्रे वाढतात तशी अशी कामे वाढत जातात. म्हणून वर्गात मालाच्या तक्त्याशेजारी सेवांचा तक्ता आणि कंपनीचा वार्षिक अहवाल, दोन्ही ठेवा.