मदत हवी आहे: कुरडयांचे गहू भिजत घालायचे तर अंदाज कुणाचा धरायचा? (ऐरोली)

नमस्कार मंडळी,

विषय जरा वेगळा आहे, पण इथे आभाळाकडे डोळे लावून बसणारी बरीच मंडळी आहेत म्हणून विचारते. मी ऐरोलीत राहते, खाडीपेक्षा डोंगराच्या बाजूला. नऊ वर्षं झाली, उन्हाळ्यात ऑर्डरप्रमाणे वाळवणं करून देते. पापड, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या आणि मुख्य म्हणजे कुरडया. एप्रिल-मेपुरती सोसायटीची गच्ची मिळते (त्या बदल्यात कमिटीतल्या प्रत्येकाच्या घरी कुरडया जातात, तो धागा वेगळा काढावा लागेल).

पापड-चकल्यांचं काही नाही. सकाळी उठून आभाळ बघायचं, मळभ असेल तर उद्या. कुरडईला उद्या नसतो. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे शिजवून ऊन चढायच्या आत गच्चीवर घालायच्या. म्हणजे सोमवारी गहू पाण्यात पडले की शुक्रवारचं ऊन मी गृहीत धरलेलं असतं. पुढे आणखी एक दिवस कडक ऊन लागतंच, नाहीतर वरून कडक आणि पोटात ओल्या राहतात. तळल्या की फुलत नाहीत.

आधी एवढा विचार करावा लागत नसे. आमच्या आईच्या वेळी वळीव यायचा तो ठरलेल्या सुमारास. आता मार्चमध्येच चाळिशी आणि मेमध्ये पाऊस. गेल्या वर्षी, २०२५ ला, तर २६ मेलाच मान्सून मुंबईत. नेहमीची तारीख ११ जून! माझ्या शेवटच्या दोन ऑर्डरी तशाच बुडाल्या.

यंदाचं सांगते. आठ किलो गहू भिजवले. फोनमधल्या अ‍ॅपवर शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही दिवशी पिवळाधमक सूर्य. पहाटे चारला चीक शिजवायला घेतला, साडेसातपर्यंत तीन प्लास्टिकं भरली. दुपारी तीनला रबाळ्याच्या बाजूचं आभाळ शाई सांडल्यासारखं झालं. अ‍ॅप उघडलं, सूर्य जागेवरच. पाच मिनिटांत वारा सुटला. मी आणि वॉचमनकाका धावलो, पण अर्धवट वाळलेल्या कुरडया गोळा करायला जावं तर एकमेकींना चिकटतात आणि ठेवाव्यात तर भिजतात. पाऊस जेमतेम दहा मिनिटं झाला. सगळं पांढरं जाळं विरघळून प्लास्टिकवर खळ झाली होती. उरलेल्या घरात पंख्याखाली ठेवल्या, तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास. टाकून दिल्या.

त्याच्या आदल्या आठवड्यात उलटं. टीव्हीवर ठाणे जिल्ह्याला पिवळा इशारा, म्हणून गहू भिजवलेच नाहीत. दिवसभर रणरणतं ऊन! खारघरच्या बहिणीला फोन केला तर ती म्हणते, आमच्याकडे इशारा नव्हताच. एकाच नवी मुंबईत दोन आभाळं कशी?

तर, चार-पाच दिवस आधीचा अंदाज कितपत धरायचा, कुठे बघायचा, आणि गहू भिजल्यावर आभाळ फिरलं तर काय करायचं? ड्रायर घ्या म्हणू नका प्लीज, तेवढे पैसे आणि जागा दोन्ही नाही.

*

कोपरखैरणेकर:
सोपं आहे ताई. पाऊस पडणार म्हणाले की गहू भिजवा, नाही म्हणाले की भिजवू नका. वीस वर्षं छत्री याच नियमाने नेतोय.

*

ढगवेडा:
वरचा विनोद आमच्या आजोबांच्याही वेळचा आहे. असो. ताई, आधी वाईट बातमी. "शुक्रवारी दुपारी ऐरोलीत पाऊस नाही" हे वळवाच्या दिवसांत सोमवारी कुणीच सांगू शकत नाही. वळवाचा ढग काही किलोमीटरांचा, आयुष्य तास-दीड तासाचं. संगणकातलं मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून गणित करतं. गेल्या वर्षी मेमध्ये आलेल्या भारत फोरकास्ट सिस्टम या नव्या मॉडेलचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे, आधी १२ चा होता. म्हणजे ऐरोली, रबाळे जवळपास एकाच चौकोनात. त्यात तुमची गच्ची कुठून दिसणार?

आणि पाऊस किती तुकड्यातुकड्यांत पडतो ते आपल्याला माहीत आहेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच दिवशी कुलाब्याला सत्तरच्या घरात. तो तर भर पावसाळा होता. वळीव त्याहून लहरी.

अ‍ॅपवरचा सूर्य म्हणजे अख्ख्या दिवसाला एक चित्र. त्याच्याकडे बघूच नका. भारतीय हवामान विभागाचं पाच दिवसांचं जिल्हावार पत्रक बघा आणि त्यातले शब्द नीट वाचा, कारण त्या शब्दांना माप आहे. "तुरळक ठिकाणी" म्हणजे जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी. "काही ठिकाणी" म्हणजे पन्नासपर्यंत. "बऱ्याच ठिकाणी" पंचाहत्तरपर्यंत, आणि "बहुतांश ठिकाणी" त्याच्या वर. तुमच्या त्या पिवळ्या दिवशी बहुतेक "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह" असं असणार. जिल्ह्यात चारातल्या तीन ठिकाणी काहीच न पडता तो अंदाज बरोबर ठरतो.

आता दोन आभाळांचं. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. इशारा जिल्ह्याला असतो. ठाणे जिल्हा पार शहापूर-मुरबाडपर्यंत जातो, तिकडे घाटाच्या पायथ्याशी गडगडाट होणार असेल तरी रंग तुमच्याही नावावर लागतो. शिवाय पिवळा म्हणजे "लक्ष ठेवा", "पाऊस येणारच" नव्हे.

चांगली बातमी अशी की शेवटच्या तासांत बरंच कळतं. मे महिन्यातले हे ढग दुपारी घाटमाथ्यावर वाढतात आणि वरचा वारा पूर्वेकडून असला की आपल्याकडे सरकतात. तुम्हाला शाई रबाळ्याच्या बाजूला दिसली ती म्हणूनच. डोंगर आड येत असल्यामुळे तुम्हाला ढग उशिरा दिसतो. रडारला आधी दिसतो. हवामान विभागाच्या साइटवर मुंबईच्या रडारची चित्रं असतात, कुलाबा आणि वेरावली अशी दोन आहेत. कुरडया घातल्या असतील त्या दिवशी दुपारी एकपासून दर अर्ध्या तासाने बघा. मुरबाड, बदलापूर, कर्जतकडे लाल-पिवळे डाग उगवून आपल्या दिशेने यायला लागले की आवरायला घ्या. तासभर तरी मिळतो, कधी त्याहून कमी. तीन-तीन तासांचे तात्काळ इशारेही निघतात, तेही त्याच साइटवर.

*

नेरूळची सुगरण:
तासभर मिळाला तरी अर्ध्या ओल्या कुरडया उचलायच्या कशा, हा खरा प्रश्न आहे. मी एक मोठं प्लास्टिक अंथरतच नाही. ताटं, चाळण्या, जुने पत्र्याचे ट्रे, त्यावर प्लास्टिकचे तुकडे. उचलले की जिन्यात. दिसायला बाजार मांडल्यासारखं दिसतं, पण एकही कुरडई हलत नाही.

*

ढगवेडा:
आणि एक विसरलो. गडगडायला लागलं असेल तर कुरडया जाऊ द्या, गच्चीवर धावू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप टाकून ठेवा, आसपास वीज पडत असली की कळवतं. वॉचमनकाकांच्याही फोनमध्ये टाका.

*

कोपरीच्या काकू:
बाळा, ठाण्यात चाळीस वर्षं कुरडया घालतेय, आता सुनेला शिकवतेय. गहू भिजल्यावर आभाळ आलं तर घाबरायचं नाही. तिसरा दिवस झाला असेल तर चीक काढून टाक, निवळू दे, वरचं पाणी ओतून ताजं पाणी घाल आणि फ्रिजमध्ये ठेव. पाणी रोज बदललंस तर एक-दोन दिवस निभावतं. त्याहून जास्त ठेवू नकोस, आंबट होतो.

आठवडाच खराब दिसत असेल तर सत्त्व कर. निवळलेला चीक खाली घट्ट बसतो ना, तो वड्यांसारखा काढून कपड्यावर पंख्याखाली वाळवायचा. कुरडईसारखं ऊन लागत नाही. हाताने चुरून आणखी एक दिवस वाळव, चाळ, डब्यात भर. ऊन पडेल तेव्हा पाण्यात कालवून शिजवायचं आणि सोऱ्यात घालायचं. ताज्या चिकाइतकी पांढरीशुभ्र कुरडई होत नाही, थोडी पिवळट येते. गिऱ्हाइकाला आधी सांगून टाक.

आणि ऊन बघताना नुसता पाऊस बघू नकोस. खाडीवरचा खारा वारा अकरालाच सुरू झाला की ऊन असूनही वाळवण दमट राहतं. ज्या दिवशी तो दुपारपर्यंत येत नाही, अंगाची लाही होते आणि सगळे वैतागलेले असतात, त्या दिवशी कुरडई संध्याकाळपर्यंत वाजते.

*

कोपरखैरणेकर:
काकू, तुमच्या पिवळट कुरडया चालतील. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

*

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. सुगरणताई, ट्रेचं मला इतक्या वर्षांत सुचलं नाही याचीच लाज वाटतेय. ढगवेडा, तुमचं वाचून त्या पिवळ्या दिवसाचं जुनं पत्रक शोधून काढलं. "तुरळक ठिकाणी"च होतं. मी नुसता रंग बघितला.

आता असं ठरवलंय. आठ किलो एकदम नाही, तीन-तीन किलोचे घाणे. या खेपेचं सगळं सत्त्व करून ठेवते, म्हणजे पाच दिवसांचा अंदाज लागणारच नाही, आदल्या रात्रीचा पुरेल. ज्यांना ताज्याच चिकाच्या हव्यात त्यांना "ऊन पडलं तर" असं सांगून ऑर्डर घेईन. एकीने आत्ताच नाक मुरडलं. मुरडू दे.

काकू, सत्त्व वाळवायला कापड कोणतं घेऊ? माझ्याकडे नवी मलमल आहे, पण तिला चिकटेल असं वाटतंय.

*

कोपरीच्या काकू:
नवं नको, खळ असते. जुनं सुती धोतर घे, दोनदा उकळत्या पाण्यातून काढलेलं. आणि कापडाखाली चाळणी ठेव, ताट नको.