ऑगस्ट ते ऑक्टोबर: रक्तदान शिबिर, पाहुणे वक्ते आणि तारखांचा घोळ

प्रश्न (नवा_सचिव):
तालुक्याच्या गावातला सेवा क्लब, सदस्य ४०. जुलैपासून नवं वर्ष सुरू झालंय. दर आठवड्याला एक तासाची सभा असते. १ ऑक्टोबरला, म्हणजे राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिनी, शिबिर घ्यायचं आणि १५० पिशव्या गाठायच्या असं ठरतंय. त्याआधी सभांना दोन-तीन वक्ते हवेत. क्रम कसा लावावा?

पेढीतला_तंत्रज्ञ:
तारीख नक्की करण्याआधी रक्तपेढीला फोन करा. १ ऑक्टोबरला सगळेच शिबिर घेतात, आणि लाल पेशी पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवसच टिकतात. खरी चणचण दिवाळीच्या सुटीत आणि मे महिन्यात असते. १५० एकदम घेण्यापेक्षा ५०-५० ची तीन शिबिरं बरी. पुरुषाला ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं, तेव्हा तेच दाते परत येतात.

पावसाळा संपताना डेंग्यूमुळे प्लेटलेट लागतात. त्या जेमतेम ५ दिवस टिकतात, आणि रक्त घेतल्यापासून ६ ते ८ तासांत वेगळ्या कराव्या लागतात. त्यामुळे घटक वेगळे करण्याची सोय असलेली पेढीच बोलवा. शिबिर सकाळी ९ ला सुरू करून दुपारी आवरा. संध्याकाळपर्यंत लांबवलं तर सकाळच्या पिशव्यांमधून प्लेटलेट मिळणार नाहीत.

मांडववाला:
हॉल तळमजल्यावरचाच घ्या. रक्त दिल्यावर चक्कर येते ती बहुतेक उठून चालू लागल्यावर, आणि नेमका जिना समोर आला तर पंचाईत. तीन तासांत ५० ते ७० पिशव्या होतात. त्यासाठी एक डॉक्टर, दोन नर्स आणि ६ ते ८ खाटा असा हिशोब असतो. पंखे आणि जनरेटर आधी चालवून बघा. चहा-बिस्किटांचं टेबल बाहेरच्या दाराजवळ ठेवू नका, माणसं कप उचलून तशीच निघून जातात. दात्याला १५ मिनिटं तरी बसवून ठेवायचंय, म्हणून ते आतल्या बाजूला हवं.

नवरात्र टाळा. उपाशीपोटी रक्त घेत नाहीत, आणि उपवासाचं लोक सांगत नाहीत!

पेढीतला_तंत्रज्ञ:
बरोबर. शिवाय परत पाठवावे लागणारे दाते आधीच कमी करता येतात. पत्रकावर एवढं छापा: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, वर्षभरात गोंदवलेलं नसावं, आदल्या रात्री दारू नको. बायका बहुतेक हिमोग्लोबिनवर अडकतात. पहिला वक्ता त्याच विषयावर ठेवा, पण शिबिराच्या दोन महिने आधी. आठवडाभर आधी ऐकून हिमोग्लोबिन वाढत नाही.

सभा_संयोजक:
दुसरा वक्ता नेत्रदानावर ठेवा. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा असतो. नेत्रपेढीच्या माणसाला आधीच सांगा की महती नको, कृती सांगा: मृत्यूनंतर ६ तासांत डोळे काढावे लागतात, तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीवर उचलून घ्यायचं, पंखा बंद करायचा. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आड येत नाही. संकल्पपत्र भरलं तरी शेवटी संमती घरच्यांनीच द्यायची असते, म्हणून त्या सभेला सदस्यांना सहकुटुंब बोलवा.

पत्रात भाषणाची २० मिनिटं आणि प्रश्नांची १० स्पष्ट लिहा. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ यातच आपल्याकडे अर्धा तास जातो आणि मग वक्त्याला "थोडक्यात" म्हणून चिठ्ठी जाते. सत्कार शेवटी ठेवा. परिचयाच्या चार ओळी वक्त्याकडूनच मागवा. स्लाइड पीडीएफ करूनच घ्या, नाहीतर दुसऱ्या लॅपटॉपवर मराठी फॉन्टच्या जागी चौकोन दिसतात.

नवा_सचिव:
मग पहिलं शिबिर दिवाळीच्या आठवडाभर आधी, ५० पिशव्यांचं. हिमोग्लोबिनचं व्याख्यान ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, नेत्रदानाचं पंधरवड्यात. पेढीला उद्याच फोन करतो.