प्रेशर हॉर्न कुठल्याच गाडीवर नको, आणि कारवाई दुकानापासून सुरू करा

वडगावकर:
आपल्या बेळगावातल्या प्रेशर हॉर्नबद्दल, म्हणजे हवेच्या दाबावर वाजणाऱ्या भोंग्यांबद्दल, नियम आधी मांडतो, मग मत सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 119 वा नियम हॉर्नचा आहे. गाडीला भारतीय मानकात बसणारा हॉर्न हवा आणि समोरच्याला वेळेवर कळेल एवढा त्याचा आवाज हवा. पण एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न बसवता येत नाही. कर्कश, दचकवणारा, नको इतका मोठा आवाज करणारं दुसरं कुठलं यंत्रही चालत नाही. सूट आहे ती रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस, आरटीओचे अधिकारी अशा मोजक्यांना, कामासाठी. नियम केंद्राचा आहे. गाडी कर्नाटकची केए-22 असो नाहीतर महाराष्ट्राची एमएच-09, सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला म्हणून तो बदलत नाही.

आता दंड. 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 194 एफ आलं. विनाकारण किंवा सारखा हॉर्न वाजवला, किंवा मनाईच्या पाटीजवळ वाजवला तर पहिल्यांदा 1000 रुपये, पुन्हा सापडला तर 2000. हे झालं वाजवण्याचं. गाडीत परवानगीबाहेरचा बदल केला तर 182 ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागं 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि ध्वनीचे निकष मोडणारी गाडी चालवली तर 190(2) खाली दंड 10,000 पर्यंत जातो, शिवाय तीन महिने लायसन्स जातं.

म्हणजे कायदा कमी नाही. पण तो पोचतो फक्त चौकात अडवलेल्या ड्रायव्हरपर्यंत. कॉम्प्रेसरसकट भोंगे काउंटरवर उघड मांडलेले असतात आणि तासाभरात बसवून मिळतात. पासिंगच्या आदल्या दिवशी काढायचे आणि गाडी पास झाली की परत चढवायचे, हे सगळ्यांना माहीत आहे. दहा चौकांत दहा पावत्या फाडण्यापेक्षा विक्रीची दोन दुकानं तपासा, असा अर्ज मी देणार आहे, त्यावर सह्या हव्यात. आणि सवलत कुणालाच नको, बसला नको, वडापच्या जीपला नको, उसाच्या ट्रॅक्टरलाही नको.

जांबोटी रोड:
वडगावात बसून हे लिहायला सोपं आहे दादा. मी भाजी घेऊन गोव्याला जातोय. पहाटे निघावं लागतं, नाहीतर माल पडून राहतो. पावसाळ्यात कणकुंबीपासून पुढं चोर्ला घाटाच्या वळणावर धुकं असं असतंय की स्वतःच्या गाडीचं बॉनेट नीट दिसत नाही. समोरनं येणारा काच वर करून, एसी आणि गाणी लावून येतोय. कंपनीचा हॉर्न त्याला ऐकूच जात नाही. तुमच्याच नियमात लिहिलंय की आवाज वेळेवर कळेल एवढा हवा. मग घाटात कळेल एवढा म्हणजे किती, ते कोण ठरवणार? चन्नम्मा सर्कलला उभा राहून हॉर्नविरुद्ध बोलणारा आणि घाटात रोज जीव घेऊन फिरणारा, दोघांना एकच माप लावालेत तुम्ही.

उद्यमबाग गॅरेज:
मी गाड्यांचं वायरिंग करतो, प्रेशर हॉर्न बसवणं बंद केलं आहे. का, ते सांगतो.

ट्रक आणि बसला एअर ब्रेक असतो. टाकीत साठवलेल्या हवेवर तो चालतो. बाहेरून बसवलेल्या भोंग्याला हवा बरेच जण त्याच टाकीच्या लाइनला टी मारून देतात, मधे वॉल्व्हसुद्धा घालत नाहीत. घाट उतरताना ब्रेक सारखा लागतो, हवा भराभर खर्च होत असते, आणि त्याच वेळी माणूस प्रत्येक वळणाला भोंगा दाबत असतो. जोड गळका निघाला तर टाकीचं प्रेशर उतरतं. वाचण्यासाठी बसवलेली वस्तू ब्रेकचीच हवा खाते. एवढं एक कारण मला पुरेसं आहे.

आवाजाचं गणितही बघा. डेसिबल साध्या बेरजेनं वाढत नाही. 10 डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली. उलट अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर साधारण 6 डेसिबल कमी होतात. त्यामुळे शंभर मीटरवरच्या गाडीपर्यंत तुमच्या भोंग्याचा आवाज बराच उतरून पोचतो, पण शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या कानात तो पूर्ण ताकदीनं शिरतो. दचकून तो हँडल कुठं वळवेल, सांगता येत नाही.

जांबोटी रोड:
मिस्त्री, माझी पिकअप आहे. तिला एअर ब्रेक नाहीत. टाकीचं माझ्यावर कशाला घालताय?

उद्यमबाग गॅरेज:
बरोबर, तुमच्या गाडीला ती अडचण नाही. तुमची अडचण वायरिंगची आहे. कंपनीची वायर आणि फ्यूज कंपनीच्या हॉर्नपुरते असतात. कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो. रिले, म्हणजे जास्त करंट सोसणारा मधला स्विच, न घालता थेट जोडला की स्टिअरिंगवरच्या बटणाचे पॉइंट जळतात, वायर तापते, आणि एक दिवस धुक्यात बटण दाबल्यावर काहीच वाजत नाही. तुम्ही या, मानकात बसणारी दोन हॉर्नची जोडी रिलेवर बसवून देतो. दोन्ही एकदम वाजतात, सूर बदलत नाहीत, आवाज भरीव येतो. घाटाला तेवढं पुरतं.

क्लब रोडची वाचक:
घाटावर सगळे बोलताहेत, रुग्णालयावर कुणीच नाही. मी रात्रपाळीची परिचारिका आहे. ध्वनी प्रदूषण नियम 2000 मध्ये शांतता क्षेत्राची मर्यादा दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल आहे. 2010 च्या दुरुस्तीनं त्यात 5 ए आला. शांतता क्षेत्रात हॉर्न वाजवायचा नाही, आणि रात्री 10 ते सकाळी 6 निवासी भागातही नाही, सार्वजनिक आणीबाणी सोडून. रात्रीच्या हॉर्नबद्दल सर्वोच्च न्यायालयानं 2005 च्या निकालातच सांगितलं होतं. तरीही पहाटे रिकाम्या रस्त्यावरून बस जाते आणि भोंगा वाजतो. समोर माणूस नाही, जनावर नाही. आत नुकतंच ऑपरेशन झालेला पेशंट दचकून उठतो, त्याची नाडी वाढलेली मी मॉनिटरवर बघते. चोर्ल्याच्या धुक्याचं कारण इथं कुणी देऊ नये.

टिळकवाडी वकील:
ताईंच्या मुद्द्यात एक कायदेशीर खाच आहे, ती सांगायला हवी. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे 100 मीटर आपोआप शांतता क्षेत्र होतात, असा बऱ्याच जणांचा समज आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर तसं राहिलं नाही. राज्य सरकारनं ते क्षेत्र अधिसूचित करावं लागतं. म्हणून मागणी करताना नुसतं "कारवाई करा" म्हणू नका. कुठली रुग्णालयं अधिसूचित आहेत, त्यांची यादी मागा, आणि जी नाहीत ती करून घ्या. 194 एफ मध्येही मनाईच्या पाटीचा उल्लेख आहे. पाटीच नसेल तर तो मुद्दा सुनावणीत लंगडा पडतो. रात्री 10 नंतरच्या निवासी भागाला मात्र ही खाच लागू नाही.

अनगोळ:
पाट्या लावल्या तरी त्या फक्त कन्नडमध्ये असणार. खेड्यातनं आलेल्या मराठी माणसानं काय वाचायचं?

टिळकवाडी वकील:
भाषेच्या हक्काची लढाई मला मान्य आहे, पण हॉर्न मनाईचं चिन्ह चित्राचं असतं. लाल वर्तुळात भोंगा आणि त्यावर तिरपी रेघ. लायसन्सच्या परीक्षेत ते विचारतात. इथं भाषेचं कारण पुढं केलं तर आपलीच बाजू कमजोर होते.

अथणी शेतकरी:
ट्रॅक्टरला सवलत नको म्हणालात, ठीक. नियम ट्रॅक्टरलाही लागू आहे, हे मला माहीत आहे. पण हंगामात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या माणसाची बाजू ऐका. इंजिनाचा आवाज कानाजवळ, मागं उसाची भिंत, आरशात काही दिसत नाही. मागच्या गाडीनं जोरात हॉर्न दिला नाही तर मला ती आल्याचं कळतच नाही. शहरात हॉर्न त्रास असेल, कारखान्याच्या वाटेवर तोच निरोप आहे. बारीक पिपाणी वाजवून कोण मला ओव्हरटेक करणार?

निपाणीची लेक:
काका, तुम्ही मागचा हॉर्न ऐकू येत नाही म्हणता, पण हंगामात निपाणी, चिकोडीकडं जे ट्रॅक्टर दिसतात त्यांच्या टपावर मोठे स्पीकर लावून गाणी चालू असतात. आधी ते काढायला सांगा. ते वाजत असताना प्रेशर हॉर्नसुद्धा ऐकू जाणार नाही, मग मागचा त्याहून मोठा बसवणार, आणि पुढचा स्पीकर वाढवणार. महाराष्ट्रानं 2015 मध्ये मालवाहू गाड्यांच्या मागं "हॉर्न ओके प्लीज" लिहायला बंदी केली ती यासाठीच. मागच्यानं वाजवल्याशिवाय पुढच्यानं बघायचंच नाही, ही सवय त्या पाटीनं लावली होती.

अथणी शेतकरी:
स्पीकरबद्दल तुझं बरोबर आहे पोरी. आमच्या ड्रायव्हरला मी लावू देत नाही. पण माझा प्रश्न तसाच राहिला.

सदाशिवनगर:
गडकरींनी 2025 मध्ये बासरी, तबला, व्हायोलिन अशा वाद्यांच्या आवाजाचे हॉर्न आणण्याचा विचार बोलून दाखवला होता. तसं झालं तर भांडणच मिटेल.

क्लब रोडची वाचक:
मिटणार नाही. पेशंटची झोप भोंग्यानं मोडली काय आणि बासरीनं मोडली काय, मोडलीच. किती वेळा आणि कुठं वाजवायचा, हा प्रश्न आहे.

खडेबाजार:
डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरतं तेव्हा ताफे सायरन वाजवत जातात. त्यांना कोण अडवतं? गरीब टमटमवाल्यालाच पावती.

वडगावकर:
पोलिसांच्या गाडीला कामावर असताना सूट आहे, ती मी वर लिहिली. ताफ्यातल्या खासगी गाडीला नाही. ती वाजवत असेल तर तिलाही तोच दंड हवा, यात आपलं दुमत नाही. पण मोठे सुटतात म्हणून सगळेच सुटूद्यात, हे मला पटत नाही. टमटमवाल्याला तो हॉर्न विकणारा मात्र आजही दुकानात बसलेला आहे, आणि त्याच्याकडं आपण कुणीच बघत नाही. गॅरेजवाल्या मित्रानं बंद केलं तसं बाकीच्यांनी स्वतःहून केलं नाही, तर आरटीओनं पासिंग झालेल्या गाड्या महिनाभरानं रस्त्यावर पुन्हा तपासाव्यात. तेवढ्यानं अर्धे भोंगे उतरतील.

जांबोटी रोड:
मिस्त्री, जोडी बसवायला पुढच्या आठवड्यात येतो. धुक्यात ती पुरली नाही तर इथंच येऊन लिहिणार. आणि वडगावकर, तुमची दुकानांची तपासणी होईल तेव्हा होईल, त्याच अर्जात आणखी एक ओळ घाला. उसाच्या ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर नसेल तर कारखान्यानं ती गेटातनं आत घेऊ नये. रात्री बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यात उभी असते, तिला हॉर्न वाजवून काय उपयोग? ती ओळ घाला, मग सही करतो.