साइटवर बीआयएम मॉडेल (इमारतीचं माहितीसकट थ्रीडी मॉडेल) कोणी उघडतच नाही, अडतंय कुठे?

पाया_ते_गच्ची, नाशिक
गंगापूर रोडला पार्किंग अधिक 7 मजल्यांची रहिवासी इमारत चालू आहे. आर्किटेक्टचं रेव्हिट या बीआयएम सॉफ्टवेअरमधलं मॉडेल आहे, प्लंबिंग-इलेक्ट्रिकलही त्यात आहे. आरसीसी कन्सल्टंट (बीम-कॉलमचं डिझाइन करणारे) ऑटोकॅडमध्येच टूडी ड्रॉइंग देतात. सुपरवायझर आणि सेंटरिंगचे (काँक्रीटच्या साच्याचे) मुकादम छापील कागदच बघतात. टॅबलेटवर फाइल उघडत नाही, तळघरात रेंज नाही, त्यात मॉडेलप्रमाणे सोडलेल्या दोन स्लीव्ह (पाइप जायला बीममध्ये आधीच ठेवलेल्या नळ्या) चुकीच्या उंचीवर आल्या. सुरुवात कुठून करू?

बीम_बॉटम
आधी स्लीव्ह बघा. मॉडेलमध्ये ड्रेनेजचा पाइप बऱ्याचदा सपाट काढलेला असतो. 110 मिमीच्या लाइनला 1:60 उतार दिला की 6 मीटरवर 100 मिमी फरक पडतो, म्हणजे शेवटच्या बीममधली स्लीव्ह जवळजवळ पाइपाच्या व्यासाइतकी चुकते. उतार देऊनच क्लॅश चेक (पाइप आणि बीम कुठे एकमेकांत घुसतात ते बघणं) करायला सांगा.

दुसरं दुखणं रिव्हिजनचं. कन्सल्टंटने 450 मिमीचा बीम 600 केला, जीएफसी (बांधकामासाठी मंजूर) ड्रॉइंग आर2 म्हणजे दुसऱ्या रिव्हिजनवर गेलं आणि मॉडेल आर0 वरच राहिलं, तर त्या मॉडेलवर कोण विश्वास ठेवील? फाइलच्या नावातच आरसीसी रिव्हिजन घाला. जुळत नसेल तर फाइल साइटवर जाऊच देऊ नका.

सेंटरिंग सुरू व्हायच्या आठवडाभर आधी त्या मजल्याचं मॉडेल फ्रीझ करा आणि त्यातून ए3 वर स्लीव्ह लेआउट काढा: ग्रिडपासून (कॉलमच्या आखणी-रेषांपासून) अंतर, बीमच्या तळापासून उंची, व्यास. त्यावर आरसीसी कन्सल्टंटची सही घ्या, कारण सपोर्टजवळचं (बीम कॉलमवर टेकतो तिथलं) भोक त्यांना विचारल्याशिवाय ठेवायचंच नाही. मुकादमाच्या हातात टॅबलेट देण्याचा आग्रह सोडा. त्याला हा कागद द्या, मॉडेल तिथेच वापरात आलं.

फाइल_हलकी_करा
अख्खं रेव्हिट मॉडेल टॅबलेटसाठी नसतंच. मजल्यागणिक वेगळा थ्रीडी व्ह्यू करा, सेक्शन बॉक्स (हवा तेवढाच भाग दाखवणारी चौकट) लावा, फर्निचर आणि झाडं बंद करा, मग फक्त त्या व्ह्यूमध्ये दिसतं तेवढंच आयएफसीमध्ये (कोणत्याही बीआयएम सॉफ्टवेअरला चालणारा फाइल फॉरमॅट) एक्सपोर्ट करा. ऑफलाइन चालणाऱ्या व्ह्यूअरमध्ये ऑफिसातूनच उतरवून न्या, म्हणजे तळघरातल्या रेंजचा प्रश्न उरत नाही. नव्या रेव्हिटची फाइल जुन्यात उघडत नाही, तेव्हा कोणतं व्हर्जन वापरायचं ते सगळ्यांनी आधीच ठरवा.

टोटल_स्टेशन
मॉडेलवरून लाइनआउट (जमिनीवर कॉलमची आखणी) करणार असाल तर एक सावधगिरी. सर्व्हेअर जीपीएसवरून यूटीएम (नकाशाची जागतिक ग्रिड) झोन 43 चे कोऑर्डिनेट देतो. नाशिकमध्ये त्या ग्रिडवरचं 100 मीटर अंतर जमिनीवर 2 ते 3 सेंमी जास्त भरतं. छोट्या प्लॉटवर चालून जाईल, लांब इमारतीत कॉलम सरकतील. साइटवर दोन पक्के खुंट ठेवा, त्यांच्यातलं अंतर प्रत्यक्ष मोजा आणि लोकल ग्रिडवरच काम करा. मॉडेलचा बेस पॉइंटही (मापं जिथून सुरू होतात तो बिंदू) त्याच ग्रिडच्या छेदावर हवा. सहा-सात आकडी कोऑर्डिनेटवर भिंती काढल्या की रेव्हिट मापांत गोंधळ घालतं.

बीम_बॉटम
वर्क ऑर्डर बघा. बदल झाल्यावर मॉडेल किती दिवसांत आणि कोणी अपडेट करायचं, त्याचे पैसे कोण देणार, हे लिहिलेलं नसेल तर पुढच्या स्लॅबच्या आत लिहून घ्या.